कैद्याचे परतणे : दोन कलाकृती आणि एक उंबरठा

तुरुंगातून सुटून आलेल्या माणसाची जी प्रतिमा मराठी रसिकाच्या मनात ठसली आहे, ती घडवण्यात दोन कलाकृतींचा वाटा मोठा आहे. पहिली व्हिक्टर ह्यूगोची १८६२ साली प्रसिद्ध झालेली ‘ले मिझराब्ल’ ही कादंबरी. साने गुरुजींनी ती ‘दुःखी’ या नावाने मराठीत आणली. दुसरी कलाकृती म्हणजे व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट. त्याची भाषा हिंदी असली तरी कथा ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत देसाईंचे आणि मूळ प्रेरणा आपल्याच मातीतली, औंध संस्थानातील स्वतंत्रपूरची आहे. या दोन्ही कृतींनी आपल्याला रडवले आहे, आणि गुन्हेगारातही माणूस असतो हे शिकवले आहे. त्यांचे हे ऋण मान्य करूनच त्यांच्याकडे एक नवा प्रश्न घेऊन पुन्हा पाहावे, असा या लेखाचा हेतू आहे.

प्रश्न साधा आहे. न्यायालयात गुन्हा सिद्ध होऊन शिक्षा भोगलेला माणूस रविवारी मिस्साबलिदानाच्या वेळी ख्रिस्तमंदिराच्या दारात उभा राहिला, तर आपण त्याचे स्वागत करावे काय?

आपल्या भंडारा जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. वसई किंवा मुंबईच्या एखाद्या भरगच्च धर्मग्रामात असा माणूस शेवटच्या बाकावर अनोळखी म्हणून बसू शकतो. नागपूर महाधर्मप्रांताच्या या पूर्वेकडील भागात कॅथॉलिक कुटुंबे विरळ. कोणाचा मुलगा कुठे कामाला आहे, कोणाच्या घरी पोलीस आले होते, हे सर्वांना ठाऊक असते. इथे सुटून आलेल्या माणसाला लपायला शेवटचा बाकही नाही. तो आत आला की मंडळींच्या माना वळतात. पुष्कळदा तर हा प्रश्न त्याच्या सुटकेची वाटही पाहत नाही. तो आत गेला त्याच आठवड्यापासून त्याची बायको मिस्सेला यायची थांबते आणि मुले धर्मशिक्षणाच्या वर्गात दिसेनाशी होतात. त्यांना कोणी ‘येऊ नका’ म्हटलेले नसते. मात्र ‘या’ असेही कोणी म्हटलेले नसते.

आता ह्यूगोकडे वळू. जाँ वाल्जाँ हा बहिणीच्या सात भुकेल्या मुलांसाठी पाव चोरतो आणि पळून जाण्याच्या प्रयत्नांमुळे वाढत गेलेली शिक्षा धरून १९ वर्षे कैदेत काढतो. १८१५ साली सुटून तो दिन्य नावाच्या गावी येतो तेव्हा त्याच्या खिशातील पिवळा परवाना दाखवताच खानावळींची दारे बंद होतात. कुत्र्याच्या घरातही त्याला आसरा मिळत नाही. शेवटी बिशप मिरिएल त्याला आपल्या पानावर बसवतात, चादरी घातलेला बिछाना देतात, आणि त्याने चांदीची भांडी चोरली तरी वर चांदीची शमादाने देऊन त्याला मोकळा करतात. हा प्रसंग कोणाला ठाऊक नाही? परंतु त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे दोन छोटे प्रसंग आपण सहसा विसरतो, आणि माझ्या मते कादंबरीचे खरे बळ त्या दोन प्रसंगांत आहे.

अलीकडचा प्रसंग असा. सगळीकडून हाकलला गेलेला वाल्जाँ गावच्या महामंदिरासमोरच्या चौकातून जातो आणि त्या मंदिराकडे पाहून मूठ उगारतो. मग तो तिथल्याच एका दगडी बाकावर आडवा होतो. मंदिरातून प्रार्थना करून बाहेर पडलेली एक वृद्ध स्त्री त्याची विचारपूस करते आणि शेजारचे एक लहानसे दार दाखवून तिथे ठोठावायला सांगते. ते दार बिशपांच्या घराचे आहे. बाई चांगली आहे, तिने दाखवलेले दारही योग्य आहे. पण ज्या दारातून ती स्वतः नुकतीच बाहेर आली, ते दार तिला आठवत नाही. पुढेही बिशप त्याला जेवणाच्या पानावर बसवतात. वेदीपुढे मंडळींमध्ये बसवण्याचा प्रसंग कादंबरीत येत नाही. धर्ममंडळाने कैद्याला स्वीकारले असे ह्यूगो कुठेच दाखवत नाही. त्याने एक संतवृत्तीचा धर्मगुरू दाखवला आहे. एका माणसाने केलेला स्वीकार आपण सर्वांच्या खात्यावर जमा करतो आणि समाधान पावतो, ही आपली वाचनातली चलाखी आहे.

बिशपांच्या घरात दोन वृद्ध स्त्रिया राहतात : बहीण बाप्टिस्टीन आणि घरकाम पाहणारी मादाम माग्लुआर. त्या रात्री माग्लुआर दाराला कडी हवी म्हणून सांगत असते, कारण गावात एक भयंकर माणूस फिरतो आहे असे तिने ऐकलेले असते. नेमका तोच माणूस आत येतो. बिशप तिला आणखी एक पान मांडायला सांगतात, ती मांडते. बिशपांनी स्वतःचा जीव धोक्यात घातला हे खरे, पण त्याबरोबर त्या दोघींचाही घातला, आणि त्यांना विचारले नाही. ह्यूगोने त्यांच्या भीतीची नोंद प्रामाणिकपणे केली आहे. वाचक मात्र ती पान उलटताना मागे टाकतो. ख्रिस्तमंदिराच्या स्वागताबाबतही असेच घडते. स्वागताचा निर्णय घेणारे एक असतात आणि त्याची भीती बाळगणारे दुसरेच असतात, आणि त्या दुसऱ्यांत बहुधा स्त्रिया व मुले असतात.

पलीकडचा प्रसंग त्याहून बोलका आहे. बिशपांच्या कृपेने भारावलेला वाल्जाँ गावाबाहेर पडल्यावर पहिली गोष्ट कोणती करतो? पेटी जर्वे नावाच्या एका गरीब पोराचे ४० सूचे नाणे तो पायाखाली दाबून ठेवतो आणि पोराला हाकलून देतो. पश्चात्ताप नंतर येतो. तो त्या पोराला हाका मारत रानभर धावतो, पण पोर सापडत नाही. पुढे नगराध्यक्ष झाल्यावरही त्या मुलुखातले पोर दिसले की तो त्याचे नाव विचारतो आणि पैसे देतो. नाणे ज्याचे होते त्याला ते कधीच परत मिळत नाही. क्षमा झाली म्हणून माणूस त्याच क्षणी निर्धोक झाला असे होत नाही, आणि नव्या चुकीची झळ बहुधा सर्वांत लहानाला लागते. उद्धाराच्या कथेत इतकी कठोर नोंद ठेवणारा लेखक भाबडा नव्हता.

साने गुरुजींनी या कादंबरीला हात घालावा हे स्वाभाविकच होते. ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिणाऱ्या या लेखकाला कारावास ऐकीव नव्हता. विठ्ठलमंदिराचे दार दलितांना उघडावे म्हणून याच गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण केले. देवाच्या दाराबाहेर कोणाला ठेवायचे, हा त्यांच्या आयुष्यभराचा प्रश्न होता. मात्र इथे एक भेद स्पष्ट ठेवला पाहिजे. चोखोबांना पायरीशी थांबवले तेव्हा त्यांच्या हातून कोणताही अपराध घडला नव्हता. अपराध थांबवणाऱ्यांचा होता. शिक्षा झालेल्या माणसाला चोखोबांच्या पंक्तीला बसवणे हा चोखोबांवर अन्याय ठरेल. दोघांसाठीही दार उघडायचे आहे, पण दोन वेगळ्या कारणांसाठी.

शांताराम यांचा चित्रपट ह्यूगोच्या एक पाऊल पुढे जातो, कारण त्यातले सहाजण पावाचे चोर नसून खुनी आहेत. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून भारतात आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत उभारली, ती स्वतंत्रपूर. चित्रपटातला तुरुंगाधिकारी आदिनाथ त्याच विचाराने सहा कैद्यांना बेड्यांविना एका ओसाड माळावर नेतो. ते माळ पिकवतात, भाजी बाजारात नेतात, प्रामाणिक भावाने विकतात आणि त्यामुळेच व्यापाऱ्याच्या रोषाला पात्र होतात. पिसाळलेल्या बैलाशी झुंजताना आदिनाथ प्राण देतो; त्याचे डोळे मात्र त्या सहाजणांना सोडून जात नाहीत. स्वतःच्या प्राणाची किंमत देऊन पाप्यांना उभे करणारा हा नायक ख्रिस्ती प्रेक्षकाला ओळखीचा वाटावा यात नवल नाही. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटाला रौप्य अस्वलाबरोबर आंतरराष्ट्रीय कॅथॉलिक चित्रपट संघटनेचा पुरस्कारही मिळाला.

या चित्रपटात उपासना आहे. भरत व्यासांनी लिहिलेली त्यातली प्रार्थना पुढे शाळाशाळांतून गायली गेली. पण ती प्रार्थना होते माळावर, कैद्यांच्या आपापसात. शेजारच्या गावातल्या देवळात हे सहाजण गेले असते तर गावाने काय केले असते, हे चित्रपट विचारत नाही. समाजाचा प्रतिनिधी म्हणून तो फक्त बाजार दाखवतो, आणि बाजारातला खलपुरुष म्हणजे लोभी व्यापारी. त्यामुळे कैद्यांना विरोध करणारा तो दुष्टच, असे समीकरण नकळत तयार होते. आणखी एक उणीव मला अधिक गंभीर वाटते. या बारा हातांनी ज्यांचे जीव घेतले त्यांच्या घरात काय चालले आहे, याला कथेत मध्यवर्ती जागा नाही. मारणारे सहा हळूहळू माणसे होत जातात. मेलेले मात्र फक्त त्यांच्या पूर्वायुष्याचा तपशील म्हणून उरतात.

ही उणीव एकट्या शांतारामांची नव्हे. पश्चात्तापाची कथा सांगणाऱ्या साहित्याची ती जुनी खोड आहे, आणि आपली प्रवचनेही तिच्यातून सुटलेली नाहीत. क्रुसावरचा चोर आपण वर्षानुवर्षे ऐकतो. त्याने ज्यांना लुटले त्यांच्याविषयी कोणी विचारत नाही. तरी त्या चोराबद्दल एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. लूकच्या शुभवर्तमानात तो आपली शिक्षा रास्त असल्याचे आधी मान्य करतो आणि मग येशूकडे मागणे मागतो. स्वर्गाचे वचन मिळाले म्हणून त्याचा क्रूस खाली उतरवला गेला नाही.

आद्य ख्रिस्तसभेला हा तोल अधिक चांगला साधला होता असे वाटते. ३२५ सालच्या नायसिया परिषदेने छळाच्या काळात बळजबरीविना श्रद्धा सोडलेल्यांसाठी जो नियम केला, त्यात ३ वर्षे वाचन ऐकणाऱ्यांमध्ये, ७ वर्षे दंडवत घालून प्रायश्चित्त करणाऱ्यांमध्ये आणि २ वर्षे ख्रिस्तप्रसादाविना प्रार्थनेत सहभागी होणाऱ्यांमध्ये, असा क्रम सांगितला आहे. १२ वर्षे हा काळ आपल्याला निष्ठुर वाटेल. पण त्या निष्ठुरतेतली एक गोष्ट पाहा : पहिल्या दिवसापासून त्या माणसाला उभे राहायला जागा होती. त्याला ‘बाहेर जा’ असे कोणी सांगितले नाही. ‘इथे थांब, आणि इतके दिवस थांब’ असे सांगितले. ३९० साली थेस्सलोनिकात सैनिकांकरवी हजारोंची कत्तल झाली, तेव्हा मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी सम्राट थिओडोसियसला कळवले की तुझ्या उपस्थितीत मी मिस्साबलिदान अर्पू शकत नाही. सम्राटाने जाहीर प्रायश्चित्त केले आणि मगच त्याला ख्रिस्तप्रसाद मिळाला. अँब्रोज यांनी सर्वांत बलाढ्य माणसाला थांबवले होते. आपण मात्र वकील लावण्याची ऐपत नसलेल्या माणसाकडे संशयाने पाहतो, आणि खटले अंगावर असलेल्या प्रतिष्ठिताला सणाच्या दिवशी पहिल्या बाकावर बसवतो. देशातल्या कैद्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश तर अजून खटल्याची वाट पाहणारे कच्चे कैदी आहेत; त्यांच्यावरचा गुन्हा अद्याप सिद्धही झालेला नाही.

आजचा धर्मकायदाही स्पष्ट आहे. १९८३ च्या संहितेचा ८४३ वा नियम सांगतो की योग्य वेळी, योग्य मनोवृत्तीने मागणाऱ्याला, कायद्याने मनाई नसताना, संस्कार नाकारता येत नाहीत. सरकारी न्यायालयाची शिक्षा ही स्वतःहून अशी मनाई ठरत नाही. परमगुरू फ्रान्सिस यांनी २६ डिसेंबर २०२४ रोजी रोमच्या रेबिबिया तुरुंगात ज्युबिली वर्षाचे पवित्र दार उघडले. ज्या दारातून यात्रेकरूंनी कृपेसाठी जायचे, ते दारच त्यांनी कैद्यांकडे नेले.

मग राहिला तो अपराध सोसणाऱ्यांचा प्रश्न. त्याचे उत्तर मला कोणत्याही कादंबरीत मिळाले नाही. ते शेजारच्या मध्य प्रदेशात प्रत्यक्ष घडले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी धर्मभगिनी राणी मारिया यांची देवास जिल्ह्यात धावत्या बसमध्ये समंदरसिंग या तरुणाने भोसकून हत्या केली. गरीब शेतमजुरांना सावकारीतून सोडवण्याचे त्यांचे काम काहींना खुपत होते. पुढे स्वामी सदानंद या धर्मगुरूंनी तुरुंगात त्या तरुणाशी संबंध जोडला. २००२ मध्ये राणी मारियांची सख्खी बहीण, धर्मभगिनी सेल्मी पॉल, यांनी तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. २००६ साली तो सुटला, केरळमध्ये राणी मारियांच्या आईवडिलांना भेटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला राणी मारियांना धन्यवादित घोषित केले गेले तेव्हा तो तिथे हजर होता.

या घटनेवर कॅथरिन मॅकगिल्व्हरे यांनी ‘द हार्ट ऑफ अ मर्डरर’ हा माहितीपट २०१३ साली केला. घटना इतकी विलक्षण आहे की तिचा भावुक उपयोग करण्याचा मोह होतो. पण तिचा क्रम नीट वाचावा. क्षमा धर्मप्रांताने जाहीर केली आणि कुटुंबाला स्वीकारायला सांगितली, असे घडले नाही. जिची बहीण मारली गेली तिने राखी बांधली. ज्या आईची मुलगी गेली तिने खुन्याला घरात घेतले. ज्यांचा अधिकार होता त्यांनी तो वापरला, आणि त्यासाठी वर्षे लागली. शिवाय तोवर कायद्याने आपले काम केलेच होते.

या क्रमाचे महत्त्व भंडारा जिल्ह्यातल्या वाचकाला अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची हत्या झाली. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने ६ जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी २५ वर्षांची कैद ठरवली. एकटे मागे राहिलेले भैयालाल भोतमांगे २०१७ साली निवर्तले. त्या खटल्यातली माणसे आपल्या धर्ममंडळातली नव्हती. तरीही या मातीत राहून ‘खुन्याचे स्वागत करू या’ असे वाक्य उच्चारणाऱ्याने त्या चार मृतांसमोर उभे राहून ते उच्चारून पाहावे. अशा अपराधातून शिक्षा पुरी करून आलेला माणूस कधी प्रार्थनामंदिराच्या दारात आला, तर दार त्याला बंद करण्याचा अधिकार आपल्याला नाही, कारण ते आपले दार नाही. पण ‘झाले गेले विसरू या’ असे म्हणण्याचा अधिकारही आपल्याला नाही, कारण जे झाले ते आपल्या वाट्याला आलेले नाही. आपल्या बाकांवर पिढ्यान्‌पिढ्या अशीच दहशत सोसलेली कुटुंबेही बसतात, याचे भान स्वागत करणाऱ्याने ठेवले पाहिजे.

तेव्हा या दोन कलाकृतींनी एकत्र गुंफलेल्या तीन गोष्टी आपण सुट्या केल्या पाहिजेत. उपासनेतली जागा ही देवाची देणगी आहे. ती मागायला येणाऱ्याला मिळालीच पाहिजे. क्षमा ही अपराध सोसणाऱ्याची आहे. तिची वाट पाहावी लागते, आणि ती कधी मिळाली नाही तरी त्या दुखावलेल्याला दोष देता येत नाही. विश्वास ही तिसरी गोष्ट. तो कृतीने आणि काळाने कमवायचा असतो. मुलांवर अत्याचार केल्याबद्दल शिक्षा झालेला माणूस मिस्सेला बसू शकेल. पण वेदीसेवक मुलांची, गायनवृंदाची वा धर्मशिक्षणवर्गाची जबाबदारी त्याला कदापि देऊ नये, आणि तो कोणाच्या तरी नजरेखालीच आवारात असावा. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मुलांवरील लैंगिक गुन्ह्याची माहिती असणाऱ्यावर ती कळवण्याचे बंधन घातले आहे. पश्चात्तापाच्या नावाखाली गुन्हा झाकणे हे स्वागत नव्हे. आणि ज्याच्यावर अपराध झाला तो त्याच धर्मग्रामात असेल, तर एकाच मिस्सेत दोघांना बसवण्याचा आग्रह धरू नये. अशा वेळी दुसऱ्या गावच्या मिस्सेची वाट अपराध्याने धरावी. दुखावलेल्याने आपला बाक का सोडावा?

हे सर्व ठरवण्याची वेळ तो माणूस दारात आल्यावर नसते. तोवर माना वळलेल्या असतात. धर्मग्राममंडळाने धर्मगुरूंसह आधीच बसून ठरवावे : सुटणाऱ्याला पहिल्यांदा कोण भेटेल, त्याच्या शेजारी कोण बसेल, दुखावलेल्या घरी कोण जाऊन त्यांचे म्हणणे ऐकेल. आणि जो अजून आत आहे त्याच्या बायकोमुलांकडे येत्या रविवारी कोण जाईल, हे तर आजच ठरवता येण्यासारखे आहे. त्यांना कोणत्याच न्यायालयाने शिक्षा दिलेली नाही.

मराठी ख्रिस्ती साहित्याकडून माझी एक अपेक्षा आहे. बिशप मिरिएल आणि आदिनाथ यांच्यासारखे उदार पुरुष आपण पुष्कळ पाहिले. आता अशी कथा हवी की जिच्यात माग्लुआरला तिची भीती बोलून दाखवता येईल, पेटी जर्वेला त्याचे नाणे मिळेल, आणि बारा हातांनी मारलेल्यांचीही नावे असतील. ती कथा कैद्याच्या विरोधात जाणार नाही. उलट आपण कोणत्या घरात पाऊल टाकत आहोत आणि तिथे आपले कोणाकोणाशी देणे आहे, हे कळलेला माणूसच तिथे खाली मान घालून का होईना, खऱ्या अर्थाने गुडघे टेकू शकेल. त्या कथेत मंदिरातून बाहेर पडणाऱ्या वृद्धेनेही शेजारचे दार दाखवू नये; मागे वळावे, आणि त्याला घेऊन पुन्हा आत जावे.